इंजिन बदललं, ब्रेकचं काय?

"सगळं नवं टाकलं, तरी गाडी थांबत नाही." जुन्या जिपा दुरुस्तीला येतात अशा कुठल्याही गॅरेजमध्ये ही तक्रार ठरलेली. नवा मास्टर सिलेंडर आणलेला असतो, चारही चाकांचे व्हील सिलेंडर बदललेले असतात, शूवर नवे लायनर चढवलेले असतात. एक वस्तू गोंदियाच्या दुकानातली, दुसरी नागपूरची, तिसरी कुणा नातेवाइकाने मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून उचललेली. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी व्यवस्थित बसलेली दिसते. एकत्र कामाला लावली की मात्र पेडल तळाला जातं, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते, नाहीतर दहा-बारा किलोमीटरनंतर चाकं आपोआप जाम होतात.

या भानगडीचं मूळ इंजिनात आहे. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलीज जिपांची जुळवणी सुरू केली आणि पुढे 'सीजे-३बी' हे उंच बॉनेटचं मॉडेल भारतात अनेक दशकं बनत राहिलं. ज्या भागात रस्ता कमी आणि जंगल जास्त, तिथे या गाडीला पर्याय नव्हता. नागझिरा आणि नवेगावची जंगलं, सालेकसा-दरेकसाचा डोंगराळ भाग, पावसाळ्यात चिखलाने भरणाऱ्या धानाच्या बांध्या असा हा मुलूख. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन त्याचा गोंदिया जिल्हा झाला, पण जीप त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या वाटांना सरावलेली होती. मूळ विलीजचं चार सिलेंडरांचं पेट्रोल इंजिन सुमारे ६० अश्वशक्तीचं. त्याला पेट्रोल भरपूर लागे. म्हणून देशभर जीपमालकांनी ते इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलं. मग टायर रुंद झाले, पाठीमागे लोखंडी बाकडी आली, वर कॅरियर आला. वजन वाढलं, वेग वाढला. ब्रेक मात्र बहुतेक गाड्यांत तेच राहिले: ९ इंच व्यासाचा ड्रम आणि त्यात पावणेदोन इंच रुंदीचे शू.

जुनी गाडी घ्यायची, तिच्यात जास्त ताकदीचं इंजिन घालायचं आणि बाकीचं हाताला लागेल तसं जुळवायचं, या छंदाला अमेरिकेत 'हॉट रॉड' म्हणतात. १९३० आणि ४० च्या दशकात कॅलिफोर्नियातली तरुण पोरं स्वस्तात मिळणारी जुनी फोर्ड घेऊन कोरड्या तलावांच्या पात्रांत शर्यती लावत. त्यांनाही पहिली ठेच ब्रेकचीच लागली. १९३२ च्या फोर्डचे ब्रेक लोखंडी दांड्यांवर चालत. फोर्डने तेलाचे, म्हणजे हायड्रॉलिक ब्रेक १९३९ च्या मॉडेलपासून दिले, तेही इतर कंपन्यांच्या बऱ्याच मागून. माल्कम लॉकहीडने या ब्रेकचं पेटंट १९१७ मध्येच मिळवलं होतं आणि १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनी चारही चाकांना असे ब्रेक लावून मोटार विकत होती. हॉट रॉडवाले मग १९३९ ते ४८ च्या फोर्डचे ब्रेक भंगारातून काढून १९३२ च्या गाडीला लावू लागले. एकाच कंपनीचा माल, तरी तो सरळ बसत नसे. बेअरिंगसाठी कडं घालावं लागे, व्हील सिलेंडरला जागा करण्यासाठी चाकाच्या आसाचा काही भाग तासावा लागे.

आपल्याकडचा या छंदाचा सर्वात मोठा बाजार हरियाणाच्या सिरसा जिल्ह्यात, मंडी डबवालीला आहे. तिथे जुन्या जिपा नव्याने बांधून देशभर पाठवल्या जातात. अशा गाडीचा रंग, बंपर आणि दिवे डोळे दिपवतात. घेणाऱ्याने खरं तर आधी गाडीखाली शिरून मास्टर सिलेंडर पाहायला हवा. तसं करणारा विरळाच.

तो मास्टर सिलेंडर विलीजमध्ये पायाखाली, फरशीच्या पत्र्याखाली चासीला बसवलेला असतो. फरशीतलं छोटं झाकण काढून त्यात तेल भरायचं. पेडल दाबलं की आतला दट्ट्या तेल ढकलतो, तो दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो आणि तिथले छोटे दट्टे शू फाकवून ड्रमवर दाबतात. इंजेक्शनची बारीक सिरिंज आणि जाड सिरिंज यांत जो फरक, तोच इथे कळीचा ठरतो. बारीक सिलेंडरमध्ये तेवढ्याच जोराने जास्त दाब तयार होतो, पण तेवढंच तेल ढकलायला दट्ट्याला जास्त लांब जावं लागतं.

आकडे घालून पाहिलं की हे पटतं. समजा पायाचा जोर २५ किलो आहे आणि पेडलची तरफ तो सहापट करते. दट्ट्यावर १५० किलो जोर आला. मास्टर सिलेंडरचा व्यास एक इंच असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तेलावर दाब आला दर चौरस सेंटिमीटरला ३० किलो. त्याच जागी पाऊण इंचाचा सिलेंडर लावला तर क्षेत्रफळ २.८५ आणि दाब जवळजवळ ५३ किलो. ब्रेक पावणेदोन पटीने जोरदार! मालक खूश. पण चारही चाकांचे दट्टे हलवायला १० घनसेंटिमीटर तेल लागत असेल, तर एक इंची सिलेंडरमध्ये दट्ट्या दोन सेंटिमीटर आणि पेडल १२ सेंटिमीटर सरकतं. पाऊण इंचीमध्ये दट्ट्याला साडेतीन आणि पेडलला २१ सेंटिमीटर जावं लागतं. एवढी जागाच नसते. पेडल फरशीला टेकतं आणि ब्रेक अर्धाच लागतो. मग मिस्त्री हवा काढत बसतो. एकदा, दोनदा, तीनदा. नळीत हवा नसतेच, तर ती निघणार कुठून?

उलट चूकही तेवढीच घडते. मोठ्या गाडीचा जाड मास्टर सिलेंडर लावला की पेडल दगडासारखं कडक लागतं आणि गाडी मात्र पुढे सरकतच राहते. कडक पेडल म्हणजे चांगला ब्रेक, हा समज कुणी पसरवला कोण जाणे. पेडल किती कडक आहे यावरून फक्त तेलात हवा नाही एवढंच कळतं.

व्हील सिलेंडरमध्येही हाच हिशेब असतो. जुन्या विलीजमध्ये पुढच्या चाकांचा सिलेंडर मागच्यापेक्षा मोठा दिलेला असतो. ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढे झुकतं, पुढचे टायर रस्त्याला जास्त चिकटतात आणि मागचे हलके होतात. म्हणून मागे मुद्दाम कमी जोर. दुकानात मागचा सिलेंडर मिळत नाही, पुढच्याचे बोल्ट मात्र जुळतात, मग तोच मागेही चढवला जातो. कोरड्या रस्त्यावर, हलक्या पायाने चाचणी घेतली तर काही कळत नाही. पहिल्या पावसात, डांबरावर शेतातला चिखल पसरलेला असताना जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी आडवी फिरते. रस्ता, टायर, चालक अशा सगळ्यांवर ठपका येतो. सिलेंडरचं नावही निघत नाही.

आता आट्यांकडे वळू. विदर्भातले मिस्त्री त्यांना 'चुडी' म्हणतात. जुन्या जिपेची ब्रेकनळी अमेरिकन इंची मापाची असते. तीन-अष्टमांश इंचाचा नट, इंचाला २४ आटे. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत १० मिलिमीटरचा, १ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा नट असतो. तीन-अष्टमांश इंच म्हणजे ९.५२ मिलिमीटर आणि इंचाला २४ म्हणजे दोन आट्यांत १.०६ मिलिमीटर अंतर. फरक इतका थोडा की इंची नट मिलिमीटरच्या भोकात हाताने फिरतो, पान्याने आवळताही येतो. थोडा सैल वाटतो इतकंच. पण त्याने आट्यांची फक्त टोकं धरलेली असतात. गॅरेजमध्ये तो टिकतो आणि जोराचा ब्रेक मारताच आटे सोलून नळी बाहेर येते. उलट प्रकारात मिलिमीटरचा नट इंची भोकात जबरदस्तीने घुसवला जातो आणि नव्या सिलेंडरचे आटे कायमचे खराब होतात. दोन-तीन आटे फिरवून पाहण्यापेक्षा आटे मोजायची पट्टी, म्हणजे पिच गेज, लावून बघणं हाच उपाय. ती पट्टी महाग नसते.

नळीच्या तोंडाचाही प्रश्न असतो. इंची पद्धतीत नळीचं तोंड ४५ अंशांत दुहेरी दुमडलेलं असतं, तर अनेक मिलिमीटरवाल्या गाड्यांत ते बुडबुड्यासारखं गोल असतं. एकाची नळी दुसऱ्याच्या बैठकीवर आवळली तर तेल पाझरतं. ते थांबावं म्हणून आणखी आवळलं जातं, मग बैठक चिरते. पाझर थांबवायला टेफ्लॉन टेप गुंडाळणं हा तर निव्वळ घातपात. इथली गळती आटे थांबवत नाहीत, नळीचं तोंड आणि बैठक थांबवतात.

सगळ्यात फसवा दोष मात्र आटे-नळ्यांच्याही पलीकडचा आहे. गाडी गोंदियाहून निघते, पहिले काही किलोमीटर छान धावते, मग हळूहळू जड होते. चालकाला वाटतं इंजिन दमलं. कोहमाऱ्याच्या आसपास थांबून पाहावं तर चारही ड्रम तापलेले, हात लावता येत नाही. अर्धा तास चहा होतो, गाडी गार होते आणि पुन्हा मोकळी पळते. कारण मास्टर सिलेंडरमधल्या सुईच्या टोकाएवढ्या एका छिद्रात असतं. पेडल सोडलेलं असताना दट्ट्याने या छिद्राच्या मागे यायला हवं, म्हणजे तापून फुगलेलं तेल टाकीत परत जातं. दुसऱ्या गाडीचा सिलेंडर लावला आणि त्याला ढकलणारा दांडा तीन-चार मिलिमीटर लांब राहिला, तर दट्ट्या कायम थोडा पुढे राहून ते छिद्र बंद करतो. तेलाला परतीची वाट उरत नाही, ते व्हील सिलेंडरमध्येच दाब धरतं. दाब धरला की घर्षण, घर्षणाने उष्णता, उष्णतेने आणखी दाब.

हे ओळखायची रीत जुन्या मिस्त्रींना ठाऊक असते. गाडी जाम झालेली असतानाच मास्टर सिलेंडरचे पकडीचे बोल्ट जरा ढिले करायचे. सिलेंडर किंचित मागे सरकून चाकं मोकळी झाली, तर दोष दांड्याच्या लांबीत. तसं नाही झालं, पण एका चाकाचा हवा काढायचा निपल उघडताच ते चाक सुटलं, तर त्या चाकाची रबरी होज आतून सुजून बंद झाली असणार. बाहेरून ती नवीकोरी दिसते. निपल उघडूनही चाक जामच राहिलं तर तेलाचा संबंध नाही; शू, स्प्रिंग किंवा गंजलेली खुंटी पाहावी. जुन्या जिपेच्या पेडलला सुमारे अर्धा इंच मोकळी हालचाल हवीच. पेडल 'ढिलं' वाटतं म्हणून ती काढून टाकणारा मालक हा दोष स्वतःच्या पायाने बोलावून घेतो.

ड्रमकडे फारसं कुणी पाहत नाही. वर्षानुवर्षं घासून तो आतून खोलगट होतो, त्यावर वळ्या पडतात. लेथवर त्याला साफ करतात, पण त्याला मर्यादा आहे. ९ इंची ड्रम साधारण ६० थाऊ, म्हणजे व्यासात दीड मिलिमीटरपर्यंत मोठा झाला की तो बाद करावा. कापलेल्या ड्रमचा व्यास वाढलेला आणि शूवरच्या नव्या लायनरची गोलाई मात्र मूळ ९ इंचांची. मग लायनर मधोमधच टेकतो, दोन्ही टोकं अधांतरी राहतात. संपर्काची जागा निम्म्याहून कमी आणि मालक म्हणतो, लायनर नकली आहेत. यावर सोपा इलाज आहे. लायनरवर खडू फासून ड्रम चढवायचा, हाताने फिरवायचा, काढून बघायचं. खडू जिथे पुसला गेला तिथेच लायनर लागतो. मग शू ड्रमच्या गोलाईला जुळेल असा ग्राइंड करून घ्यायचा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. तेव्हा ड्रममधली पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची सवय सोडलेली बरी. ती ओल्या फडक्याने पुसावी.

शू कुठला पुढे, कुठला मागे, यातही मेख आहे. विलीजच्या ९ इंची ब्रेकमध्ये दोन्ही शू खाली वेगवेगळ्या खुंट्यांवर टेकलेले असतात. पुढचा शू ड्रमच्या फिरण्याने आपोआप आत ओढला जातो आणि जास्त काम करतो, म्हणून लांब लायनरचा शू पुढे येतो. पुढे सुधारणा म्हणून बसवल्या जाणाऱ्या ११ इंची सर्व्हो पद्धतीच्या ब्रेकमध्ये एक शू दुसऱ्याला ढकलतो. तिथे उलट, आखूड लायनर पुढे आणि लांब मागे. एका गाडीची सवय दुसरीला लावली की ब्रेक लागतो, पण असावा तसा नाही.

पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावावेत हा आता सर्रास मिळणारा सल्ला. नागझिऱ्याच्या सफारीत धावणाऱ्या मारुती जिप्सीला पुढे डिस्क आहेत, भंगारात त्या मिळतात आणि जिप्सीच्या चाकाचे पाच बोल्ट ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास १३९.७ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंच. विलीजचाही तेवढाच. गंमत म्हणजे १९३२ च्या फोर्डचाही तेवढाच! या एका आकड्याने अनेकांना मोहात पाडलं आहे. बोल्टची भोकं जुळतात. पण मधल्या भोकाचा व्यास, बेअरिंगची मापं, चाकाच्या आसाचा आकार, डिस्क आत-बाहेर किती यावी हे जुळेलच असं नाही. कॅलिपर धरण्यासाठी जाड पट्टीचा ब्रॅकेट बनवावा लागतो आणि ब्रेक मारताना चाकाचा सगळा पीळ त्या ब्रॅकेटवर येतो. पातळ पत्र्याला वेल्डिंग करून भागत नाही. शिवाय कॅलिपर जुन्या रिमच्या आतल्या बाजूला घासतो का, हे चाक चढवून पूर्ण फिरवल्याशिवाय कळत नाही.

डिस्क लावली की तेलाचं गणितही बदलतं. कॅलिपरचे दट्टे मोठे, त्यांना तेल जास्त लागतं. डिस्कला ड्रमसारखी आपोआप आत ओढली जाण्याची सोय नाही, म्हणून दाबही जास्त लागतो. जुना मास्टर सिलेंडर दोन्हींत कमी पडतो. ड्रमसाठी नळीत कायम थोडा दाब रोखून धरणारी एक झडप असते, टायरच्या हवेच्या भाषेत सांगायचं तर सुमारे १० पौंडांची. तीच डिस्कच्या नळीत राहिली तर पॅड सतत घासत राहतात. जिपेत मास्टर सिलेंडर खाली आणि कॅलिपर त्याच्या वर आला तर तेल उतरून जाऊ नये म्हणून डिस्कच्या नळीत साधारण २ पौंडांची झडप लावतात. एवढं सगळं करायचंच असेल तर जुन्या एकेरी मास्टर सिलेंडरच्या जागी दोन कप्प्यांचा घ्यावा. एकेरी सिलेंडरमध्ये एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. अमेरिकेत मोटारींसाठी दुहेरी सिलेंडर १९६७ च्या सुमारास सार्वत्रिक झाला, तो उगाच नव्हे.

ब्रेक ऑइल हा शब्द गोंधळात टाकतो, कारण ते खनिज तेल नव्हेच. नेहमीचं डॉट ३ आणि डॉट ४ हवेतलं पाणी शोषतं. कोरडं असताना डॉट ३ किमान २०५ अंश आणि डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; पाणी शोषल्यावर हीच हद्द १४० आणि १५५ वर येते. पावसाळाभर उभी राहिलेली जीप उन्हाळ्यात घाटात उतरवली तर नळीत वाफ होऊन पेडल अचानक रिकामं पडू शकतं. अडीअडचणीला कुणी टाकीत इंजिन ऑइल ओतलं असेल तर सगळी रबरी वायसरं फुगून खराब होतात. शंका आली तर टाकीतला थेंब पाण्याच्या पेल्यात टाकून बघावा. डॉट ३ किंवा ४ पाण्यात विरघळतं, खनिज तेल तरंगतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते या दोघांत कधीच मिसळू नये.

या सगळ्याला कायद्याची एक बाजू आहे आणि ती मालकांना फार उशिरा कळते. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळा बदल करण्यास मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. गोंदियाच्या, म्हणजे एमएच-३५ च्या नोंदणीपुस्तकात एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरं, हे चालत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकींसाठी 'विंटेज' नोंदणीचे वेगळे नियम आणले. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,००० रुपये, मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या वापरात किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेल्या गाडीला हा दर्जा नाही. म्हणजे डिझेल बसवलेल्या बऱ्याच जिपांना ही वाट बंदच आहे. मूळ पेट्रोल इंजिन ज्यांनी माळ्यावर ठेवून दिलं, ते शहाणे ठरले.

काम झाल्यावरची चाचणी घाईने उरकू नये. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढायची, मग पेडल मिनिटभर जोराने दाबून धरायचं. ते हळूहळू खाली उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलेंडरचं वायसर आतून तेल सोडतंय. जुन्या विलीजमध्ये डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात, हे ठाऊक नसलेला नवखा पोरगा जोर लावून बोल्टच तोडतो. हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो. तिथल्या सीलमधून तेल झिरपलं की त्याचा लायनर भिजून हँडब्रेक नावापुरता उरतो. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी वीस किलोमीटरने सुरुवात करून, दर वेळी थांबून चारही ड्रमची उष्णता पाहायची. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम, तर तो चिकटतोय. एखादा थंडच, तर तो कामच करत नाही. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर लायनर बसतात आणि पेडल थोडं खाली जातं. तेव्हा ॲडजस्टमेंट पुन्हा करायची, आणि ड्रम उघडून लायनर सगळीकडे सारखा घासलाय का, हेही पाहून घ्यायचं.